खोटी शीर

बोरसे मॅडमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि कानाला लावलेल्या फोनवर पोलीस होते. दोन्हींचा त्यांना सारखाच कंटाळा आला होता.

"मॅडम, नरडाण्याहून उपनिरीक्षक गिरासे बोलतोय. अर्जंट आहे."

"अळ्या असतील तर उद्या या. आज मी डबा आणलाय."

"अळ्या नाहीत. मधमाश्या आहेत, मेलेल्या. मी कॉलेजच्या गेटवरच उभा आहे."

दिपमाला बोरसे धुळ्याच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचा खरा विषय माश्या. कधीतरी एका खुनात प्रेतावरच्या अळ्या ओळखून देण्याची चूक त्यांनी केली आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याला त्यांचा नंबर पाठ झाला. त्यांचं दुपारचं जेवण तेव्हापासून निम्म्यावर आलं होतं.

गिरासे आत आले. तरुण माणूस, पण डोळे तारवटलेले. त्यांनी खिशातून एक आगपेटी काढून गठ्ठ्यावर ठेवली.

"शिंदखेड्याच्या अंगाला एक गाव आहे. तिथे कांद्याचं बियाणं करतात. गोंडे फुलले की परागीकरणाला मधमाश्या लागतात, म्हणून गावातल्या मेघा नावाच्या बाईनं लोटन आबांच्या बांधावर आपल्या पेट्या ठेवल्यात. काल पहाटे त्या माश्या उठल्या. आबा डोक्यावरून घोंगडं घेऊन पळाले आणि बांधावरच्या हौदाच्या दगडावर आपटले. जागीच गेले. पुतण्यानं, कुंदननं, डोळ्यांनी पाहिलं. या माश्या घोंगड्याच्या घडीत सापडल्या."

"चावल्या कुठे?"

"पोस्टमॉर्टेममध्ये चावे नाहीत. घोंगडं होतं ना. डोक्याला मार, बस."

"मग माझ्याकडे काय काम आहे?"

"मेघा म्हणते, माझ्या माश्या नाहीत. आग्या मोहोळ असेल म्हणते. पेटीतली की आग्याची, एवढंच लिहून द्या. पेटीतली असेल तर निष्काळजीपणाचा गुन्हा तिच्यावर. गाव तर पेट्या जाळायलाच टपलंय. मी म्हटलं, जाळू नका, पण दारं उघडायची नाहीत. कालपासून बंद आहेत."

बोरसे मॅडमनी चष्मा काढला. "कालपासून? फेब्रुवारीतलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे ना? कोंडल्या माश्या तापून मरतात. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही ती दारं उघडली नाहीत, तर गावाला जाळायची तसदी घ्यावी लागणार नाही."

"म्हणूनच धावत आलोय," गिरासे म्हणाले. आवाजात अपराधीपणा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त झोप झाली नव्हती.

आगपेटीत पाच कीटक होते. तपकिरी, केसाळ, पोटावर पिवळे पट्टे. कुणीही मधमाशीच म्हटलं असतं.

बोरसे मॅडमनी एक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, सुईनं पंख उचलला आणि सुस्कारा सोडला. आश्चर्याचा नव्हे, आता डबा खायला मिळणार नाही, याचा होता तो.

"गिरासे, मधमाशीला पंख किती?"

"दोन?"

"चार. मागचे दोन पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, म्हणून दोन दिसतात. इथे मी सुई घालून शोधतेय. मागचे नाहीतच. त्यांच्या जागी दोन बारीक गुंड्या आहेत, टाचणीच्या डोक्यासारख्या. बघा."

गिरासेंनी एक डोळा मिटून पाहिलं.

"ही मधमाशी नाही," मॅडम म्हणाल्या. "साधी माशी आहे. मधमाशीचं सोंग घेतलेली. मधमाशीच्या मिश्या लांब आणि कोपरात वाकलेल्या असतात, हिच्या आखूड, वर एक केस. मागच्या पायावर पराग ठेवायची टोपली नाही. डंख नाही. डोळे बघा, अख्खं डोकं व्यापलंय, आणि त्यांवर ठिपके. डोळ्यांवर पट्टे असते तर जात वेगळी निघाली असती. ठिपक्यांची ही एरिस्टॅलिनस. साचलेल्या, सडक्या पाण्यात जन्मते आणि मोठी झाली की फुलांवर मिरवते. चावायचं म्हटलं तरी तिला जमणार नाही."

"नक्की? कोर्टात विचारतील."

"पंखाच्या मधोमध ही शीर दिसतेय? बाकीच्या शिरा कुठून तरी निघून कुठे तरी मिळतात. ही मध्येच सुरू होते, मध्येच संपते. कशालाच जोडलेली नाही. आम्ही तिला खोटी शीर म्हणतो. या कुळाची ही सही आहे. मधमाशीच्या पंखात ती नसते."

गिरासेंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यांच्या डोक्यात आता वेगळी चक्रं फिरू लागली होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मॅडमनी दुसरी माशी घेतली, मग तिसरी. पाचही तशाच. पंख अंगाला चिकटलेले. पायांच्या केसांत पिवळट खरपुडी धरलेली. त्यांनी त्यावर पाण्याचा थेंब सोडला. खरपुडी विरघळली आणि आंबूस, गोडसर वास आला.

"बुडून मेल्यात," त्या म्हणाल्या. "घोंगड्यात मेलेल्या नाहीत. घोंगडं कुठे आहे?"

"गाडीत."

घोंगडं काळं होतं, जाड लोकरीचं. मॅडमनी खिडकीच्या उजेडात ते भिंगाखाली वीत वीत पाहिलं. गिरासे तोवर मोबाईलवर कालचे फोटो दाखवत राहिले. हौद. रक्ताचा डाग. बांधावरची पेट्यांची रांग, दारं बंद, पुढची फळी स्वच्छ, त्यावर एकही माशी नाही.

"हा फोटो कधीचा?"

"मी पोचलो तेव्हाचा, सकाळचाच. कुंदन म्हणतो, आबा पडल्यावर मेघानं घाबरून दारं लावली."

मॅडमनी तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग डब्याकडे एकदा बघून पर्स उचलली.

"चला. आणि वाटेत मला एक केळं तरी घेऊन द्या."

०

गावाचं नाव इथे सांगत नाही; गावाचं नाव जायचं तेवढं गेलेलं आहे.

मेघा बांधावर भेटली. पेट्यांवर ओली पोती टाकून ती कळशीनं पाणी शिंपडत होती. तिशीची, काटक बाई. आतून एक खोल गुणगुण येत होती, आणि माश्यांवर आयुष्य घालवलेल्या बोरसे मॅडम दहा पावलं लांबच थांबल्या. मधमाशीला त्या घाबरत. हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं.

"दारं कधी लावलीस?"

"परवा रात्री, मॅडम. अंधार पडल्यावर, सगळ्या आत आल्यावर. पण कुणी ऐकतच नाही."

"का लावलीस?"

"आबा सांगून गेले. म्हणाले, सकाळी फवारणी होणार आहे, दारं लाव. कालच्या दुपारीच उघडणार होते मी."

"फवारणी कुणाची?"

"ते नाही सांगितलं. मी विचारलं, तर म्हणाले, पोरी, तू दारं लाव." तिनं पदरानं घाम पुसला. "चार दिवसांमागे पेट्यांसमोर खूप माश्या मरून पडल्या होत्या. आबांनीच दाखवल्या मला. आणि आता आबांचा जीव माझ्या माश्यांनी घेतला म्हणतात. ज्यांनी मला जागा दिली, त्यांचा. या पेट्या गेल्या तर गेल्या, मॅडम, पण हे ऐकून मी या गावात राहू कशी?"

गिरासेंनी मान फिरवली.

शेजारचा मळा प्रेमराजचा. त्याचाही कांदाच. जाडजूड माणूस, म्हशींच्या मागे ओरडून ओरडून आवाज बसलेला. मधमाश्यांवर त्याचा राग साऱ्या गावाला माहीत होता.

"मन्या म्हशी हौदवर पानी पेवाले जातीस, नी या माश्या तठेच!" तो म्हणाला. "आबाले मी शंभरदा सांगं, या पेट्या आठून काढ."

"काल पहाटे कुठे होता?"

"धारा काढत व्हतू. डेअरीवाला उना व्हता, त्याले इचारा."

"फवारणी तुमची होती?"

प्रेमराजनं मॅडमकडे असं पाहिलं, जणू त्यांनी म्हशीला अंडी देतेस का विचारलं. "गोंडा फुलेल शेतस आनि फवारनी? माशी मरनी ते बी भरावच नई. माशी माले आवडस नई, पन येडा शे का मी?"

त्याच्या गोठ्यामागे शेणाचा उकिरडा होता, वाळून कडक झालेला. बांधावरच्या हौदाचं पाणी नितळ होतं. त्याच्या गोंड्यांवर, मधमाश्या कोंडलेल्या असतानाही, बारीकसारीक काहीबाही घोंघावत होतं. मॅडमनी ते उभं राहून पाहिलं आणि पुढे झाल्या.

कुंदनला गिरासेंनी जागा दाखवायला घरून बोलावून घेतलं. पस्तिशीचा, नीटस बोलणारा. आबांना मूलबाळ नव्हतं. अग्नी त्यानंच दिला होता. खांद्यावर पांढरं उपरणं होतं आणि डोळे रडून सुजले होते. ते रडणं खरं होतं, हे बोरसे मॅडम नंतरही सांगत.

बांधाला लागूनच असलेल्या त्याच्या मळ्याच्या तोंडाशी मोठी पाटी होती: 'विषमुक्त शेती. जीवामृतावर फुललेला कांदा.' पुढच्या आठवड्यात तिथे शिवारफेरी होती. चार तालुक्यांतून शेतकरी बघायला येणार होते.

"नेमकं काय पाहिलंत?" गिरासेंनी विचारलं.

"उजाडत होतं. आबा बांधावरून येत होते. एकदम पेट्यांतून ढगच उठला. आबांनी डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि पळाले."

"दारं उघडी होती?"

"उघडीच तर. माश्या बाहेर कशा येतील नाहीतर? नंतर तिनं लावली."

"माश्या घोंगड्यावर बसल्या?"

"शेकड्यांनी. काळं झालं होतं सगळं."

"तुम्हाला एकही चावली नाही?"

"मी इथं शेडपाशी होतो. लांब."

शेडपाशी निळा ड्रम होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत आंबवतात, तो. झाकणाचं पोतं घसरून खाली पडलं होतं. वर जाड साय धरली होती, आणि तिच्यात काही पट्टेवाले कीटक पाय वर करून तरंगत होते. ड्रमच्या आतल्या अंगानं राखाडी अळ्या वर चढत होत्या, प्रत्येकीला लांब शेपूट.

"हे किती दिवसांचं आहे?" मॅडमनी विचारलं.

"ताजंच आहे. रोज ढवळतो मी."

"गुळाला मधमाश्या फार येतात, नाही?"

"येतात आणि बुडून मरतात बिचाऱ्या," कुंदन म्हणाला.

मॅडमनी मान डोलावली. मग त्या त्याच्या कांद्यात शिरल्या. पांढरे गोंडे ओळीनं डुलत होते. त्यांवर चिटपाखरू नव्हतं. त्या तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

"घरी चला," त्या म्हणाल्या. "जे बोलायचं ते आबांच्या अंगणात बोलू."

०

अंगणात दुखवट्याला, दारावर बसायला आलेली माणसं होती. आतल्या चौकटीला टेकून आबांची बायको, ताईबाई, बसली होती. मेघाही आली, पण फाटकाबाहेरच उभी राहिली. तिला कुणी आत ये म्हटलं नाही.

बोरसे मॅडमना खुर्ची दिली. त्यांचे पाय दुखत होते, म्हणून त्या बसूनच बोलल्या.

"आबांना मधमाश्यांनी मारलं नाही. घोंगड्यात सापडलेल्या मधमाश्याच नव्हत्या. मधमाशीसारखी दिसणारी, पण दोन पंखांची माशी आहे ती. तिला डंख नसतो."

कुजबूज झाली. कुंदन म्हणाला, "या उडून आल्या असतील. खऱ्या वेगळ्या."

"मधमाशी लोकरीत डंख मारते तेव्हा डंख तिथेच तुटून राहतो. शेकड्यांनी बसल्या म्हणालात. मी अख्खं घोंगडं भिंगानं पाहिलंय. एकही डंख नाही."

"पण मी दारं उघडी..."

"दारं आदल्या रात्रीच लागली होती. पहाटे माश्या उठल्यावर कुणी दारं लावली असती, तर बाहेर राहिलेल्या शेकडो माश्या पेटीच्या तोंडाशी लोंबकळत बसल्या असत्या. त्या घर सोडून जात नाहीत. गिरासेंच्या फोटोत फळ्या स्वच्छ आहेत. म्हणजे सगळ्या आत असताना दारं लागली. मेघा खरं बोलतेय."

फाटकापाशी मेघानं तोंडाला पदर लावला.

"मग घोंगड्यात त्या माश्या आल्या कुठून? त्यांच्या पायांवर गूळ, बेसन, शेण यांची खरपुडी आहे. सडक्या पाण्यात त्यांच्या अळ्या वाढतात, शेपटीनं श्वास घेतात. प्रेमराजचा उकिरडा कोरडा आहे, हौदात काही नाही. अशा अळ्या मी एकाच ठिकाणी पाहिल्या, तुमच्या ड्रममध्ये. रोज ढवळलेल्या ड्रमात त्या होत नाहीत, कुंदन. तो ड्रम कित्येक दिवस कुणी पाहिलेलासुद्धा नाही."

कुंदनचा हात उपरण्यावर घट्ट झाला.

"आणि तुमच्या गोंड्यांवर एक कीटक नाही. शेजारी प्रेमराजकडे आहेत. जीवामृतानं फुलकिडे हटेनात, शिवारफेरी तोंडावर आलेली. म्हणून तुम्ही विष मारलंत, एकदा. मेघाच्या माश्या मेल्या, त्या आबांनी पाहिल्या. काल पहाटे दुसऱ्यांदा मारणार होतात. आबांना ते कळलं होतं. ते आडवे आले. हो ना?"

"मी त्यांना..." कुंदन थांबला.

"ढकललं," गिरासे हळूच म्हणाले.

"फवारणीचा पंप हिसकत होते," कुंदन म्हणाला. आता तो कुणाकडेच बघत नव्हता. "मी नुसता हात झटकला. ते मागे गेले, दगडावर... आवाजसुद्धा केला नाही त्यांनी. मी पंप लपवला. ड्रमात मधमाश्या दिसल्या, त्या घोंगड्यात टाकल्या. मला वाटलं, माश्यांवर जाईल. माश्यांना काय, फाशी थोडीच होते?"

"माश्यांना नाही. त्या बाईला झाली असती. गावात राहणं संपलं असतं तिचं."

कुणीतरी शिवी हासडली. प्रेमराज उठून उभा राहिला. कुंदन एकदम ओरडला, "आबांनी सगळ्यांना सांगितलं असतं! पाटी उतरवली असती माझी. चार तालुक्यांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती!"

"नई," आतून आवाज आला.

ताईबाई कालपासून कुणाशी बोलली नव्हती. सगळे तिच्याकडे वळले.

"त्या पहाटले उठनात. मी म्हनं, च्या पी जा. म्हने, आते नई. म्हने, पोऱ्यानं नाव निंघाले नको. पेट्या बंद करी ठेयल शेतस, माश्या मराव नईत, कोनले कळाव नई. मी त्याले समजाडी येस." तिचा आवाज चढला नाही. "तुनं नाव त्यासनी मेघालेबी सांगं नई, कुंदन."

"आई, तू हे काल..." कुंदनला पुढचं बोलता येईना. तो तिला लहानपणापासून आई म्हणे.

"माले कोनी इचारंच नई," ती म्हणाली. "नी मी बी सांगं नसतं. पन मेघाना तोंडकडे माले दखवत नई आते."

तिनं फाटकाकडे हात केला. "मेघा, आठे ये. मन्याजोडे बठ."

कुंदन होता तिथेच खाली बसला. उपरण्यात तोंड घालून तो रडू लागला, आणि अंगणातल्या कुणालाही आता शिवी देववेना. गिरासेंनी त्याला घाईनं उठवलं नाही.

०

ऊन कलल्यावर मेघानं दारं उघडली. आधी प्रेमराजनं बांधापर्यंत दोन कळश्या पाणी आणून दिलं, आणि म्हशींना पाजायचा हौद आजच्या दिवस माश्यांनाच राहू दे, असं काहीतरी पुटपुटून निघून गेला. कुंदनच्या मळ्यावर त्या जाऊ नयेत म्हणून पेट्या अंधार पडताच हलवायच्या ठरल्या होत्या. पण तोवर त्यांना हवा हवी होती.

पहिल्या पेटीच्या दारात बराच वेळ काही हललं नाही. मेघा गुडघ्यावर बसून आत बघत होती. मग एक माशी आली, फळीवर थांबली आणि पंख हलवू लागली. मागून दुसरी. मग पुष्कळ.

"जगल्या, मॅडम," मेघा म्हणाली. "सगळ्या नाही. पण जगल्या."

बोरसे मॅडम दहा पावलांवरूनच बघत होत्या. एक माशी त्यांच्या बाहीवर येऊन बसली. त्या दचकल्या, पण त्यांनी झटकली नाही. मान वाकवून पाहिलं: मिश्या कोपरात वाकलेल्या, मागच्या पायावर टोपली, रिकामी.

"गिरासे," त्या हालचाल न करता म्हणाल्या, "ही खरी आहे. आता हिला हळूच काढा, आणि मला धुळ्याला सोडा. पेपर तपासायचे राहिलेत."